डोक्यावरचं पुष्य

आमच्या घरात भिंतीला दोन कॅलेंडरं आहेत, एक मराठी आणि एक कन्नड. खानापूर तालुक्यात अशी घरं पुष्कळ. मराठी कॅलेंडर ज्याला पौष म्हणतं, त्या महिन्याला कन्नड कॅलेंडर सरळ पुष्य मास म्हणतं. वर्षातून दोन-तीनदा एखाद्या गुरुवारच्या चौकोनात बारीक अक्षरांत ‘गुरुपुष्य’ छापलेलं असतं आणि त्या दिवशी शहापूरच्या सराफ गल्लीत पाय ठेवायला जागा मिळत नाही. जुलैच्या विसाव्या तारखेच्या आसपास हेच नाव पुन्हा भेटतं. सूर्य पुष्य नक्षत्रात, वाहन बेडूक किंवा म्हैस किंवा गाढव, जे त्या वर्षी नशिबात असेल ते. पुनर्वसूचा तरणा पाऊस नि पुष्याचा म्हातारा पाऊस, हे तर पाळण्यातल्या पोरानंही ऐकलेलं असतं.

इतकं तोंडात बसलेलं नाव. पण आकाशात बोट करून ‘ते बघ पुष्य’ असं म्हणणारा माणूस मला चाळिशीपर्यंत भेटला नव्हता. तिकांडं, म्हणजे मृगाच्या पोटातले ते तीन तारे, शेतावरचा कुणीही दाखवेल. सप्तर्षीची बाज दाखवेल. पुष्य मात्र नाही. दोष माणसांचा नाही, पुष्यच मुळात लाजरं आहे.

पुष्य ज्या कर्क राशीत येतं ती बारा राशींमधली सगळ्यात फिकी रास. तिच्यात ठळक म्हणावा असा एकही तारा नाही. ताऱ्यांच्या तेजाला प्रत म्हणतात आणि तिचा हिशेब उलटा असतो, आकडा मोठा तितका तारा मंद. पुनर्वसूतला पोलक्स १.१ प्रतीचा, मघा १.४ची. कर्केतला सर्वांत तेजस्वी तारा ३.५ प्रतीचा, तोही राशीच्या दक्षिण टोकाला एका बाजूला पडलेला. मधले दोन महत्त्वाचे तारे, डेल्टा ३.९ आणि गॅमा ४.७. बेळगावच्या कॉलेज रोडवर उभं राहून वर पाहिलंत तर कर्केच्या जागी काहीच दिसत नाही, नुसती काळी मोकळी जागा. मी कित्येक वर्षं तिला मोकळी जागाच समजत होतो.

मग हौस म्हणून ऑनलाइन एक दुर्बीण मागवली. खोक्यावर मोठ्ठा आकडा छापलेला, इतके पट मोठं दिसेल म्हणून. गच्चीवर मांडली, सर्वांत जास्त पट दाखवणारं भिंग लावलं, पुस्तकी मापानं पुष्याच्या जागी रोखली आणि तासभर मान मोडली. दिसले काय, तर इकडेतिकडे विखुरलेले चार-पाच ठिपके. बायकोनं खालून विचारलं, “सापडलं का?” मी म्हटलं, ढग आहेत. ढग नव्हते.

चूक कुठं होती ते नंतर कळलं, आणि ती सांगण्यासारखी आहे. पुष्यातला तारकागुच्छ आकाशात सुमारे दीड अंश पसरलेला आहे, म्हणजे पौर्णिमेचे तीन चंद्र शेजारी शेजारी ठेवले तर जेवढे होतील तेवढा. शंभर पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीत एका वेळी आकाशाचा अर्धा-पाऊण अंशच मावतो. म्हणजे मी मळ्याच्या मध्यभागी उभा राहून बांगडीतून मळा शोधत होतो. एरवी कोपऱ्यात धूळ खात पडलेली साधी दोन डोळ्यांची दुर्बीण, पक्षी बघायला नेतात ती, दहा बाय पन्नास (दहा पट मोठं दाखवणारी, पन्नास मिलिमीटरच्या भिंगाची) किंवा सात बाय पन्नास, हिच्यात पाच-सहा अंश सहज मावतात. पुष्याला हीच लागते. जास्त पैसे घालून कमी दिसतं अशी आकाशात जी काही ठिकाणं आहेत, त्यांतलं हे एक.

नुसत्या डोळ्यांनीही पुष्य दिसतं, पण त्यासाठी गावाकडं जावं लागलं. आमच्या मामांचं शिवार खानापूरच्या पलीकडं मलप्रभेच्या अंगाला आहे. खरीपात भात, वरच्या पट्टीत ऊस. त्या वर्षी पाडवा मार्चातच आला होता. दुपारी पुरणपोळी झाली, रात्री मामा उसाला पाणी सोडायला निघाले, कारण मोटारीचा थ्री फेज करंट दहाला येणार होता. मी दुर्बीण गळ्यात अडकवून मागोमाग.

पाडव्याची रात्र का, तर आदल्या दिवशी अमावास्या असते. चैत्र शुद्ध प्रतिपदेला चंद्र दिसलाच तर केसासारखा, तोही दिवेलागणीला मावळतो. पुढच्या दोन-तीन रात्रीही आकाश काळंभोर मिळतं. रामनवमीपर्यंत थांबलात तर फसलात. रामाचा जन्म पुनर्वसूवर नि भरताचा पुष्यावर सांगतात, आणि चैत्रातल्या त्या दिवशी चंद्र खरोखरच त्याच भागात, कर्केच्या आसपास येऊन बसलेला असतो. त्याच्या उजेडात पुष्य धुऊन जातं.

आता कुठं बघायचं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री सव्वानऊ-साडेनऊच्या सुमारास बेळगाव भागातून पुष्य जवळजवळ थेट डोक्यावर येतं. बेळगावचं अक्षांश १५.८५ अंश उत्तर आणि पुष्यातल्या गुच्छाची क्रांती, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं अंतर, साधारण १९.७ अंश उत्तर. दोन्हींत फरक फक्त चार अंशांचा. हात लांब करून मूठ धरली तर ती दहा अंश झाकते, म्हणजे पुष्य माथ्यापासून उत्तरेला अर्ध्या मुठीपेक्षाही कमी सरकलेलं. हा आपल्या भागाचा मोठा फायदा आहे. खानापूरहून उत्तरेकडं पाहिलं की बेळगाव शहराच्या दिव्यांचा पिवळट उजेड क्षितिजावर दिसतो, पण तो क्षितिजावरच राहतो. डोक्यावरची हवा सर्वांत पातळ, धूळही तिथं सर्वांत कमी. पोरं युरोपातल्या मोठमोठ्या वेधशाळांची चित्रं बघून हळहळतात. तिथल्या माणसाला हेच पुष्य बरंच दक्षिणेला झुकलेलं, जास्त हवेतून गाळून बघावं लागतं. आपण खळ्यावर घोंगडं टाकून उताणं पडायचं, झालं. मान दुखत नाही.

तारखेप्रमाणं वेळ बदलते. तारे रोज चार मिनिटं लवकर येतात, म्हणजे पंधरवड्याला तासभर. पाडवा एप्रिलात गेला तर पुष्य आठ-सव्वाआठलाच माथ्यावर असतं. मार्चच्या सुरुवातीला साडेदहापर्यंत जागावं लागतं.

उताणं पडल्यावर खुणा दोन. पश्चिमेकडं झुकलेले दोन सारखे ठळक तारे दिसतात, कॅस्टर आणि पोलक्स. हे आपलं पुनर्वसू. त्यातला पोलक्स किंचित पिवळसर, नीट पाहिलं तर कळतं. पूर्वेकडं एक ठळक पांढरा तारा, त्याच्यावर विळ्यासारखी ताऱ्यांची कमान. ही मघा, सिंहाची छाती. आता पोलक्सपासून मघेकडं मनातल्या मनात दोरी बांधायची. पोलक्सपासून दीड मूठ आणि मघेपासून सव्वादोन मुठी, या हिशेबानं दोरीवर जिथं याल, ती कर्केची मोकळी जागा. पंचांगातला क्रम आकाशात तसाच मांडलेला आहे. पुनर्वसू, पुष्य, आणि पुष्याच्या दक्षिणेला दीडेक मुठीवर पाच-सहा ताऱ्यांचा छोटा झुबका, तो आश्लेषा. मग मघा. तरण्या पावसापासून मघेच्या सरींपर्यंतचा सगळा पावसाळा एका दोरीवर वाळत घातल्यासारखा.

जागा सापडली तरी लगेच काही दिसत नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि मध्ये कुणी मोबाइल उघडला की पुन्हा पहिल्यापासून. मामांनी दोनदा टाइम बघायला मोबाइल काढला, दोनदा मी शिव्या गिळल्या. शिवाय एक युक्ती लागते. ज्याच्याकडं बघायचं त्याच्याकडं थेट बघायचं नाही, जरा बाजूला बघायचं. डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यभागी रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकूपेशी दाटीवाटीनं असतात, पण मंद उजेड टिपणाऱ्या दंडपेशी तिथं नसतातच. त्या कडेला जास्त. म्हणून थेट रोखलेल्या नजरेतून पुष्य निसटतं आणि नजर जरा ढळली की कोपऱ्यात येऊन उभं राहतं. पहिल्यांदा असं झालं की भास वाटतो. पुन्हा थेट बघितलं की गायब.

ते दिसतं कसं? तारा म्हणून नाहीच. काळ्या फळ्यावरचा खडू बोटानं पुसल्यावर राहतो तसा धुरकट डाग. सगळ्या गुच्छाचं तेज एकत्र केलं तर ते साधारण साडेतीन प्रतीच्या ताऱ्याएवढं भरतं, कर्केतल्या सर्वांत ठळक ताऱ्याच्या तोडीचं. तरी ते इतकं मंद वाटतं, कारण ते एका ठिकाणी नाही. रांगोळीची चिमूट एका जागी सोडली तर लांबून पांढरी टिकली दिसते. तीच चिमूट अंगणभर फुंकली तर नुसतं अंगण जरा उजळल्यासारखं. डागाच्या पूर्वेला, एक उत्तरेकडं नि एक दक्षिणेकडं, असे दोन मंद तारे असतात, गॅमा आणि डेल्टा. यांतला मंद गॅमा ज्या रात्री डोळ्यांना दिसतो, त्या रात्री पुष्य मिळणार असं समजायला हरकत नाही. नसेल दिसत तर दुर्बीण काढायची, वाद नको.

परंपरेत पुष्य नक्षत्राचे तारे म्हणून हेच दोन आणि जवळचा थीटा धरतात. डेल्टा हा पुष्याचा योगतारा, म्हणजे नक्षत्राचा मुख्य तारा. जुनं नाव तिष्य. पुष्य शब्दाच्या मुळाशी पोषण आहे. ग्रीकांनी याच डागाला गव्हाण म्हटलं आणि शेजारच्या दोन ताऱ्यांना गव्हाणीवर उभी असलेली दोन गाढवं. म्हणजे इकडं पोषण आणि तिकडं चारा. कुणी कुणाचं उचललं असेल असं मला वाटत नाही, पण आपल्या पंचांगात ज्या वर्षी पुष्याला गाढव हे वाहन येतं, त्या वर्षी मला हसू आवरत नाही. चिन्यांनी मात्र याच धुरकट डागात प्रेतांच्या राशीतून निघणारी वाफ पाहिली. ज्याची त्याची नजर.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अराटस नावाच्या ग्रीक कवीनं या गव्हाणीवरून पावसाचा अंदाज सांगून ठेवलाय. आभाळ स्वच्छ वाटत असताना गव्हाण अचानक दिसेनाशी झाली, तर वादळ जवळ आलं असं समजावं. याच्यामागं विज्ञान आहे. पाऊस येण्याआधी पुष्कळदा फार उंचावर पातळ ढगांचा किंवा बाष्पाचा पदर पसरतो. ठळक तारे त्यातूनही दिसतात, म्हणून आभाळ निरभ्र वाटतं. पसरलेला मंद डाग मात्र सर्वांत आधी पुसला जातो. एप्रिलात वळवाचे ढग दुपारी सह्याद्रीकडून चढायला लागतात तेव्हा मी ही परीक्षा करून पाहिली. गव्हाण दिसत नव्हती अशा काही रात्रींनंतर वळीव आला, काही रात्रींनंतर नुसता उकाडा. तेव्हा पावसाचा भविष्यवेत्ता म्हणून नव्हे, पण हवा किती स्वच्छ आहे हे सांगणारी खूण म्हणून ती चोख आहे. आपल्याकडं तर आणखी एक अडचण. मार्चात उसाची फडं मोकळी होतात आणि पाचट पेटवतात. त्या धुरात गव्हाण जाते ती वादळामुळं नव्हे.

या डागाचं गुपित उघडलं गॅलिलिओनं. दुर्बीण आकाशाकडं वळवून त्यानं १६१० साली जाहीर केलं की हा ढग नाही, चाळीसहून जास्त बारीक ताऱ्यांची दाटी आहे. त्याआधीचे सगळे, हिपार्कस या ग्रीक ज्योतिर्विदापासून टॉलेमीपर्यंत, याला ढगासारखं काहीतरी म्हणत आले होते. पुढं मेसिए या फ्रेंच निरीक्षकानं १७६९ साली आपल्या यादीत याला ४४वा क्रमांक दिला, म्हणून आजही याला एम ४४ म्हणतात. इंग्रजीतलं लाडकं नाव मधमाश्यांचं पोळं. मामांनी दुर्बीण डोळ्याला लावली तेव्हा त्यांना कुठलंही नाव न सांगता मी गप्प राहिलो. जरा वेळानं म्हणाले, “साखर सांडल्यावाणी दिसूलंय गा.”

ते वर्णन मला पोळ्यापेक्षा जास्त पटलं. दहा बाय पन्नासच्या दुर्बिणीत पुष्य खरंच असं दिसतं. ठळक कणांचे दोन-तीन त्रिकोण, मध्ये बारीक चुरा, आणि त्यांत दोन-चार कण गुळासारखे पिवळसर. ते पिवळसर कण महत्त्वाचे आहेत.

तारकागुच्छ म्हणजे एकाच वायुमेघातून साधारण एकाच वेळी जन्मलेले तारे. शाळेत एकाच वर्षी पहिलीत घातलेली पोरं जशी एका वयाची, तसे. पुष्यात असे हजारभर तारे आहेत. वय एक, पण वजनं वेगवेगळी. आणि ताऱ्यांच्या जगात जो जितका वजनदार तितका तो इंधन वेगानं संपवतो आणि लवकर म्हातारा होतो. पुष्यातले सर्वांत जड तारे आत्ताच फुगून पिवळे-नारिंगी राक्षसी तारे झालेत, त्यांच्यापेक्षा हलके अजून पांढरेशुभ्र चमकतायत, आणि सूर्याएवढे नि त्याहून लहान तर एवढे मंद की साध्या दुर्बिणीला दिसतही नाहीत. कुठल्या वजनाचे तारे म्हातारे झाले हे मोजलं की सगळ्या वर्गाचं वय कळतं. पुष्याचं वय असं निघतं ६० ते ७० कोटी वर्षं. सूर्य ४६० कोटी वर्षांचा, म्हणजे पुष्य आपल्या सूर्यापुढं पोरसवदा. पाऊस म्हातारा असला तरी नक्षत्र तरणं आहे.

अंतर सुमारे ६०० प्रकाशवर्षं. त्या रात्री मामांच्या डोळ्यांत जो उजेड शिरला तो पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात निघालेला. तेव्हा विजयनगर भरात होतं आणि बहामनींची राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला हलत होती. बहामनींचा वजीर महमूद गवाननं बेळगावचा किल्ला घेतला तो १४७२ साली. तोवर हा उजेड वाटेत चाळीस-पन्नास वर्षं चालून झाला होता.

२०१२ साली या गुच्छातल्या सूर्यासारख्या दोन ताऱ्यांभोवती ग्रह सापडले. गुच्छात, तेही सूर्यासारख्या ताऱ्यांभोवती, ग्रह सापडण्याची ती पहिली वेळ. दोन्ही गुरूसारखे वायूचे गोळे, पण आपल्या ताऱ्याला इतके चिकटलेले की एकाचं वर्ष जेमतेम साडेचार दिवसांचं नि दुसऱ्याचं दोन दिवसांहून थोडंसं जास्त. त्या दुसऱ्यावर दिवाळी आठवड्यातून तीनदा येईल. आपल्या कॅलेंडरवाल्यांना कागद पुरणार नाही.

तारकागुच्छ कायमचे नसतात. आकाशगंगेच्या ओढीनं कडेचे तारे हळूहळू सुटत जातात. पुष्यातून सुटलेल्या ताऱ्यांच्या पुढं-मागं पसरलेल्या लांब शेपट्या, ताऱ्यांच्या जागा नि चाली मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या मोजमापांतून २०१९ साली उलगडल्या. रोहिणीजवळचा जो व्ही आकाराचा गुच्छ आहे, त्याचं वय आणि चाल पुष्याशी बरीच जुळते, म्हणून दोघं एकाच घरातले असावेत असंही काही शास्त्रज्ञ मानतात.

मामांना यातलं सगळं त्या रात्री सांगितलं नाही. पाणी दहाव्या सरीपर्यंत गेलं होतं, ते दार मोडून पुढच्या सरीत सोडत होते. मध्येच फावडं टेकून त्यांनी खरा प्रश्न विचारला. “हे पुष्य जर आत्ता मार्चात डोक्यावर हाय, तर पुष्याचा पाऊस जुलैत कसा?”

कॅलेंडरावर पुष्य येतं ते दोन हिशेबांनी. चंद्र साधारण सत्तावीस दिवसांत आकाशाची फेरी मारतो, त्यात एक दिवस पुष्याजवळ असतो. तो दिवस नेमका गुरुवारी पडला की गुरुपुष्य. त्याचा गुरू ग्रहाशी संबंध नाही, वाराशी आहे. पौर्णिमेचा चंद्र पुष्याजवळ येतो तो महिना पौष. पावसाचा हिशेब मात्र सूर्याचा. सूर्य वर्षभरात सत्तावीस नक्षत्रांतून फिरतो, एकेकात तेरा-चौदा दिवस. २० जुलैच्या सुमारास तो पुष्यात शिरतो, आणि जुलैच्या अखेरीस आकाशात तो खरोखरच या साखरेच्या सांडीला खेटून असतो. म्हणून पुष्याच्या पावसात पुष्य कधीच दिसत नाही. सूर्याबरोबर उगवतं, सूर्याबरोबर मावळतं, आणि वरून ढग. मार्चात रात्री नऊला ते जिथं असतं, तिथंच जुलैअखेरीस भर दुपारी असतं.

मामांनी ऐकून घेतलं. “म्हंजे दिवसा,” एवढंच म्हणाले आणि पुढच्या सरीकडं गेले.

त्याच वर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात रोप लावणीला गेलो होतो. पाऊस झिमझिमत होता, बायका गुडघाभर चिखलात ओळीनं वाकलेल्या. साडेबाराच्या सुमारास जेवायला बांधावर बसलो. मामांनी भाकरीचा तुकडा मोडला, डोक्यावरचं इरलं जरा मागं सारलं आणि करड्या आभाळाकडं, नेमकं माथ्यावर, हनुवटीनं खूण केली. शेजारच्या वाफ्यातल्या गड्याला कन्नडमधे काहीतरी सांगितलं. गडीही वर बघायला लागला. तिथं ढगाशिवाय काही नव्हतं.